चौदाशे त्र्याहत्तरावा बाइट

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. रुग्णालयात नवे सल्लागार आले तेव्हा मात्र नव्याचे नऊ हजार झाले.

सल्लागारांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण पहिल्याच आठवड्यात सगळे त्यांना जम्बोसाहेब म्हणू लागले. यात त्यांच्या अंगकाठीचा काही दोष नव्हता, माणूस काडीसारखा होता. दोष त्यांच्या आवडत्या शब्दाचा. नेटवर्कवरून जी माहिती जाते ती अखंड जात नाही, पुड्या बांधून जाते. त्या पुडीला पॅकेट म्हणतात. प्रत्येक यंत्राची वायर जिथं जोडलेली असते त्या तोंडाशी, म्हणजे इंटरफेसवर, एक आकडा ठरवून दिलेला असतो: याहून मोठं पॅकेट इथून सुटायचं नाही. हा आकडा बहुतेक ठिकाणी पंधराशे बाइट असतो. तो वाढवून नऊ हजार केला, की त्या पॅकेटला जम्बो म्हणतात. जम्बोसाहेबांनी हे कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं वाया जाऊ देणाऱ्यांपैकी ते नव्हते.

"एक रुग्णालय, एक आकडा," त्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं. "सगळ्या इंटरफेसवर नऊ हजार. मोठं पॅकेट म्हणजे कमी फेऱ्या, कमी फेऱ्या म्हणजे जास्त वेग. आपण पंधराशेवर का अडकलो आहोत?"

अधीक्षकांनी मान डोलावली. अधीक्षक मान डोलावू लागले की टेबलाभोवतीच्या सगळ्याच माना डोलू लागतात, हा त्या खोलीचा जुना रिवाज. एकच मान स्थिर राहिली, ती वायरवहिनींची.

वायरवहिनी म्हणजे रुग्णालयाचा अख्खा नेटवर्क विभाग. विभागाला तळमजल्यावर बिनखिडकीची एक खोली होती आणि दोन खुर्च्या, त्यांतली एक मोडकी. वहिनींचा धाकटा दीर पूर्वी इथं रुग्णवाहिका चालवायचा. तो त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळे वहिनी म्हणू लागले. दीर नोकरी सोडून गेला, नाव मागं राहिलं. सव्वीस वर्षं झाली होती वहिनींना नोकरीला. निवृत्तीला दोन उरली होती.

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "आपल्या वायरींतून एकाच जातीची वाहतूक जात नाही. रुग्णांच्या उशाच्या घंटा जातात, फोनवरचं बोलणं जातं, प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या जातात. ही सगळी चिमूटभर पॅकेटं. त्याच वायरींतून स्कॅनची चित्रं जातात, ती पोत्यांनी. चहाचे कप आणि कपाटं एकाच जिन्यानं चढवायची असतील तर कपाट केवढं असावं, हे जिन्याला विचारून ठरवायला हवं. चित्रांना वेगळा रस्ता काढा, तिथं खुशाल नऊ हजार ठेवा. सरमिसळीच्या रस्त्यावर पंधराशेच बरे."

"मोठा विचार करायला शिका, वहिनी."

"करते. पण जुन्या आणि नव्या इमारतीच्या मध्ये जिन्याखाली एक राउटर आहे. दोन्हीकडची पॅकेटं त्याच्यातूनच जातात. तो माझ्याइतकाच जुना आहे आणि त्याला पंधराशेच्या पुढं मोजताच येत नाही."

जम्बोसाहेबांनी समोर पसरलेला रंगीत नकाशा वरून खाली आणि डावीकडून उजवीकडं पाहिला. "माझ्या नकाशात जिना नाही."

"इमारतीत आहे."

"नोंद घेतली," जम्बोसाहेब म्हणाले आणि पान उलटलं.

'नोंद घेतली' याचा अर्थ सव्वीस वर्षांत वहिनींना चांगला कळला होता. गाढवापुढं वाचली गीता, तर निदान गाढव कान तरी हलवतं.

त्या बैठकीत आणखी एक थोर व्यक्ती होती. रुग्णालयाची संगणक-सुरक्षा बघणारे गृहस्थ, ज्यांना सगळे पाठीमागून कुलूपराव म्हणत. नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना तक्रारीही कळवत असतात: पत्ता चुकला, रस्ता बंद आहे, पॅकेट फार मोठं आहे, लहान करून पाठवा. कुलूपरावांना प्रत्येक तक्रारीत हल्ल्याची पूर्वतयारी दिसायची. त्यांनी नव्या इमारतीच्या तोंडाशी बसवलेल्या फायरवॉलवर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांवर पहारा ठेवणाऱ्या भिंतीवर, असल्या सगळ्या तक्रारी बंद करून टाकल्या होत्या. फक्त पिंग चालू ठेवला होता. पिंग म्हणजे एका यंत्रानं दुसऱ्याला विचारायचं, आहेस का, आणि दुसऱ्यानं म्हणायचं, आहे. तो चालू ठेवण्याचं कारण असं, की अधीक्षकांच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावरचे हिरवे ठिपके त्याच्यावर चालायचे, आणि ठिपके हिरवे नसले तर अधीक्षकांच्या घशाखाली चहा उतरत नसे. थोडक्यात, त्या संस्थेत खुशाली विचारायला परवानगी होती, तक्रारीला नव्हती. कुलूपरावांनी फक्त माणसांचा नियम यंत्रांना लावला होता.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जम्बोसाहेबांची माणसं आली आणि दोन्ही इमारतींतले सगळे इंटरफेस नऊ हजारांवर नेऊन गेली. नव्या इमारतीतलं स्कॅनचं यंत्र नऊ हजार, जुन्या इमारतीतला चित्रं साठवणारा सर्व्हर नऊ हजार. जिन्याखालच्या राउटरला कुणी हात लावला नाही. तो नकाशातच नव्हता, बिचारा.

सोमवारी सकाळी दहा वाजता वहिनींच्या खोलीतला फोन वाजला.

"ताई, मी बोलतेय."

"हं."

"बरं आहे ना?"

"हं. तुझं?"

"हो. स्कॅनची चित्रं सर्व्हरवर पोचत नाहीयेत सकाळपासून. जरा बघता का?"

ही धाकटी. वहिनींची जाऊ, त्या रुग्णवाहिकावाल्या दिराची बायको, आणि नव्या इमारतीत स्कॅनचं यंत्र चालवणारी. एकाच आवारात नोकरी, एकाच घरात दिलेल्या दोघी, आणि अकरा वर्षांत दोघींमध्ये जे काही बोलणं झालं ते एवढंच: बरं आहे ना, हं. लग्नकार्यात भेटल्या तरी हेच. लोकांना वाटायचं, काय छान पटतं जावाजावांचं, एक शब्द वाकडा नाही. वाकडा काय, सरळही नव्हता.

वहिनींनी खुर्चीतून न उठता स्कॅनच्या यंत्राकडून सर्व्हरकडं पिंग पाठवला. आहेस का? आहे. आहेस का? आहे. चारदा विचारलं, चारदा उत्तर आलं.

"नेटवर्क ठीक आहे," त्यांनी फोनवर सांगितलं. "तुझ्याकडंच बघ."

दुपारी स्कॅन विभागाच्या प्रमुखांनी लेखी मागितलं, तेव्हा वहिनींनी एका ओळीची चिठ्ठी दिली: नेटवर्क तपासले, सुस्थितीत आहे. खाली सही. आता खरं सांगायचं तर, तोच फोन दुसऱ्या कुणाचा असता तर वहिनी उठल्या असत्या, जिना चढल्या असत्या, वायरी हलवून बघितल्या असत्या. आदल्याच आठवड्यात त्यांनी नऊ हजारांवरून बैठकीत भांडण काढलं होतं, तेही त्यांना आठवलं असतं. पण फोन धाकटीचा होता. आणि धाकटीच्या बाबतीत वहिनींचा कान अकरा वर्षांपूर्वीच बंद झाला होता.

अकरा वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या. दोघी सुनांनी पाळ्या लावल्या. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी धाकटीनं आपल्या खोलीला कुलूप लावलं, दोन बॅगा उचलल्या आणि "आम्ही जातो, ताई" एवढं बोलून नवऱ्यासह भाड्याच्या घरात गेली. कारण नाही, भांडण नाही, काही नाही. पुढचे चौदा महिने वहिनींनी नोकरी सांभाळून सासूबाईंना एकटीनं उचललं, कूस बदलली, न्हाऊ घातलं. पाठीत जी उसण भरली ती अजून हिवाळ्यात जागी होते. सासूबाई गेल्यावर धाकटी तीनदा म्हणाली होती, "ताई, मला तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचंय." वहिनींनी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांसाठी चहा ठेवायला सांगितला, दुसऱ्यांदा कामाची घाई सांगितली आणि तिसऱ्यांदा नुसतं "हं" म्हटलं. चौथ्यांदा धाकटी काही म्हणाली नाही. काम टाकून पळून जाणाऱ्या माणसाचं सविस्तर काय ऐकायचं, असं वहिनींचं मत होतं, आणि ते त्यांनी अकरा वर्षं लोणच्यासारखं मुरवलं होतं.

बुधवारी दुपारी अधीक्षकांनी बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवे ठिपके लुकलुकत होते. जम्बोसाहेब त्यांच्याकडं बापाच्या कौतुकानं बघत बसले होते.

"तीन दिवस चित्रं नाहीत," अधीक्षक म्हणाले. "एका म्हाताऱ्या गृहस्थांचं खुब्याचं ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं. सर्जन माझ्या टेबलावर हात आपटून गेले. कुणीतरी जबाबदार असलं पाहिजे ना?"

"असलं पाहिजे," जम्बोसाहेब म्हणाले. "आणि नेटवर्क तर उत्तम आहे."

"म्हणून स्कॅनवाल्या बाईंना नोटीस काढली आहे. वारंवार सांगूनही चित्रं पाठवली नाहीत, कामावरून कमी का करू नये. उद्या अकरा वाजता सुनावणी." अधीक्षकांनी एक कागद वहिनींपुढं सरकवला. "तुमच्या सोमवारच्या चिठ्ठीवरच सगळं उभं आहे. फक्त ती फारच आखूड आहे. हा पूर्ण पानाचा दाखला टाइप करून ठेवलाय, सही करा."

वहिनींनी कागद वाचला. स्वतःचीच ओळ जेवून-खाऊन पानभर झालेली त्यांना दिसली. नोटीस कुणाला, हे माहीत असूनही त्यांनी नाव पुन्हा वाचलं.

"उद्या सुनावणीतच देते," त्या म्हणाल्या. "एकदा तपासून."

"तपासायचं काय त्यात?" जम्बोसाहेबांनी पडद्याकडं बोट केलं. "हिरवं आहे सगळं."

वहिनी तिथून तडक नव्या इमारतीत गेल्या. धाकटी इथं नोकरीला लागल्यापासून सहा वर्षांत स्कॅन विभागात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. धाकटी दारातच भेटली, हातात डिस्कांची चळत, गुडघ्याला पट्टा बांधलेला. चित्रं वायरीनं जात नाहीत म्हटल्यावर ती सोमवारपासून ती डिस्कवर उतरवून स्वतः जुन्या इमारतीत पोचवत होती. दोन जिने खाली, दोन जिने वर, दिवसाला वीस फेऱ्या. यंत्र सोडून जाता येत नाही, म्हणून दोन रुग्णांच्या मधल्या वेळात जायची, आणि जेवणाची सुट्टीही त्यातच घालवायची. काही डिस्का सर्जनच्या संगणकात उघडत, काही उघडत नसत. आणि हिनंच चित्रं पाठवली नाहीत म्हणून हिला नोटीस. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची कला काही संस्थांना जन्मतःच येते.

"बरं आहे ना, ताई?" धाकटीनं सवयीनं विचारलं.

"दाखव मला," वहिनी म्हणाल्या. "पाठवतेस तेव्हा काय होतं ते दाखव."

धाकटीनं डिस्का खाली ठेवल्या आणि बटण दाबलं. "हे बघा. रुग्णाचं नाव पोचतं. वय पोचतं, तारीख पोचते. तिकडच्या यादीत नाव उमटतं पण. मग चित्र निघतं आणि," तिनं हात उघडून दाखवला, "नाही पोचत. परतही येत नाही. कुणी नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. नुसती वाट बघत बसायचं."

"नाव पोचतं?"

"नाव पोचतं. मी सोमवारी सांगणार होते तेच, पण तुम्ही फोन ठेवलात."

वहिनी स्टुलावर बसल्या. लहान जातं, मोठं जात नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी किती शिकाऊंना हे शिकवलं होतं, की पिंग आला म्हणून नाचू नका, पिंगचं पॅकेट चिमणीएवढं असतं, ते कुठूनही जातं. आणि स्वतः काय केलं होतं? चिमणी सोडली, चिमणी परत आली, सही ठोकली.

त्यांनी धाकटीच्या टेबलावरूनच पिंग पाठवायला सुरुवात केली, पण आता आकार वाढवून आणि वर चित्रांच्या पॅकेटांवर असते तीच ताकीद घालून, की वाटेत तोडायचा नाही. हजार बाइट. उत्तर आलं. चौदाशे. आलं. चौदाशे बहात्तर. आलं. चौदाशे त्र्याहत्तर.

दोघी पडद्याकडं बघत राहिल्या. काही आलं नाही.

"पुन्हा करा," धाकटी म्हणाली.

बहात्तर गेला, त्र्याहत्तर मेला. दहादा केलं तरी तेच. प्रत्येक पॅकेटवर अठ्ठावीस बाइटांचं वेष्टन असतं. चौदाशे बहात्तर आणि अठ्ठावीस म्हणजे बरोबर पंधराशे. बरोबर जिन्याखालच्या म्हाताऱ्याची मर्यादा.

वहिनी जिन्याखाली गेल्या, झाडू आणि बादल्या बाजूला केल्या आणि आपला लॅपटॉप राउटरला जोडला. राउटरनं सगळं लिहून ठेवलं होतं. मोठं पॅकेट आलं की तो ते टाकून द्यायचा आणि पाठवणाऱ्याला रीतसर कळवायचा: फार मोठं आहे, पंधराशेत बसवून पाठवा. तीन दिवसांत त्यानं असं एक्केचाळीस हजार वेळा कळवलं होतं. एक्केचाळीस हजार वेळा कुलूपरावांच्या भिंतीनं ते गिळलं होतं. इतक्या चिकाटीनं आणि इतक्या सभ्यपणे तक्रार करणारा त्या संस्थेत दुसरा कुणी नव्हता. वहिनींना त्या धुळकट डब्याबद्दल एकदम माया वाटली, आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली.

कारण कोडं सुटलं होतं, पण सोडवून दाखवायचं तर आधी आपली चिठ्ठी खोटी होती हे चारचौघांत कबूल करावं लागणार होतं. हात दाखवून अवलक्षण. सव्वीस वर्षांत सेवापुस्तकात एक डाग नव्हता. गप्प बसलं तर डाग नाही. फक्त धाकटी घरी बसेल. ती मोडक्या गुडघ्यानं कुठं नोकरी शोधेल? पण मग अकरा वर्षांपूर्वी आपल्या मोडक्या पाठीची चौकशी तिनं केली होती का? हा हिशेब वहिनींनी मनात मांडला, आणि मांडल्या मांडल्या त्यांना त्याची किळस आली. त्यांनी झाडू जागेवर ठेवले.

गुरुवारी अकरा वाजता अधीक्षकांच्या खोलीत सगळे जमले. धाकटी टेबलाच्या टोकाला, नोटीस चार घड्या करून मुठीत धरलेली. बैठकीची टिपणं ठेवणाऱ्या कारकूनबाई कोपऱ्यात.

"दाखला?" अधीक्षकांनी हात पुढं केला.

"दाखला नाही," वहिनी म्हणाल्या. "माझी सोमवारची चिठ्ठीही परत घ्या, ती चुकीची आहे. चित्रं न पोचण्यात हिची चूक नाही. नेटवर्कची आहे. मी पिंग केला आणि सही दिली, उठून बघितलं नाही. नवख्या माणसाला मी असं करू दिलं नसतं."

टेबलाभोवतीच्या मानांना कुठल्या दिशेनं डोलावं तेच कळेना.

"पण पिंग आला होता ना?" जम्बोसाहेब म्हणाले. "मग नेटवर्क चालू होतं."

"साहेब, पिंग म्हणजे काय? 'बरं आहे ना?' 'हं.' एवढंच. त्यावरून आतलं काय कळतं?"

वहिनी बोलल्या आणि बोलता बोलता थांबल्या. वाक्य त्यांनी जम्बोसाहेबांना मारलं होतं, पण ते सरळ येऊन त्यांनाच लागलं. टेबलाच्या टोकाला धाकटी मान खाली घालून नोटिशीची पाचवी घडी घालत होती.

मग त्यांनी मोठ्या पडद्यावर, हिरव्या ठिपक्यांच्या शेजारीच, चौदाशे बहात्तर पाठवून दाखवला. आला. चौदाशे त्र्याहत्तर पाठवला. अधीक्षकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"एका बाइटनं एवढं?"

"एका बाइटनं. जिन्याखालच्या राउटरला पंधराशेच झेपतात."

"जिन्याचं मला कुणी सांगितलंच नाही," जम्बोसाहेबांनी कानावर हात ठेवले. "सांगितलं असतं तर मी विचार केला असता."

कारकूनबाईंनी जुनं पान शोधलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण लिहिलेलं वाचून दाखवायची हौस त्यांनाही कधीतरी भागवायची असणार. "मागची बैठक, मुद्दा सहा. वायरवहिनींनी जिन्याखालील राउटरचा मुद्दा मांडला. सल्लागारांनी नोंद घेतली."

जम्बोसाहेबांनी पुढ्यातले कागद सारखे केले. नोंद इतकी शब्दशः घेतली जाते याची त्यांना कल्पना नसावी.

पुढं जे झालं ते अशा ठिकाणी होतं तसंच झालं. धाकटीची नोटीस रद्द झाली. माफी कुणी मागितली नाही, कारण माफीचा नमुना कार्यालयात उपलब्ध नव्हता. वहिनींना चुकीचा निर्वाळा दिल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तकात पहिला डाग. कुलूपरावांनी 'पॅकेट मोठं आहे' ही एकच तक्रार प्रायोगिक तत्त्वावर सोडायचं मान्य केलं. आणि जम्बोसाहेबांनी संध्याकाळपर्यंत अहवाल तयार करायचं ठरवलं, ज्याचा मथळा ते बैठकीतच मोठ्यानं वाचून गेले: 'संमिश्र वाहतुकीसाठी पंधराशे: एक नवा दृष्टिकोन.' चित्रांसाठी वेगळा रस्ता काढून तिथं नऊ हजार ठेवण्याची कल्पनाही त्यात होती. ती त्यांना आदल्या आठवड्यात सुचली होती, असं ते म्हणाले. सुचली नव्हती, ऐकू आली होती. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला एवढा फरक कळत नाही.

साडेबारापर्यंत वहिनींनी दोन्ही टोकं पंधराशेवर आणली. तीन दिवस तुंबलेली चित्रं सर्व्हरवर धडाधड येऊ लागली. पहिल्या दहांत त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा खुबा होता. सर्जननं दुपारच्या यादीत त्यांचं नाव घेतलं.

वहिनी आपल्या खोलीत डबा उघडून बसल्या होत्या. दारात धाकटी आली. आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली.

"ताई, जेवलात?"

"हं," वहिनी म्हणाल्या, समोर भरलेला डबा असताना. मग त्यांनी डबा झाकला आणि उठून स्वतःची खुर्ची पुढं केली. "बस इथं. ती मोडकी माझ्याकडं दे."

धाकटी बसली.

"तीनदा म्हणाली होतीस, सविस्तर बोलायचंय," वहिनी म्हणाल्या. "तीनही वेळा मीच परतवलं तुला."

"जाऊ द्या ताई. फार मोठं आहे ते. आता एकदम नाही सांगता यायचं मला."

"एकदम कशाला? तोडून सांग. जेवढं निघेल तेवढं."

"कुठून सांगू?"

"खोलीला कुलूप लावलंस तिथून."

धाकटीनं मुठीतली नोटीस टेबलावर ठेवली. पाच घड्या घातलेली ती पुडी एवढीशी दिसत होती.

"तेव्हा मला तिसरा महिना होता," ती म्हणाली.

वहिनींच्या तोंडाशी सवयीचं 'हं' आलं आणि तिथंच थांबलं. धाकटीला मूल नाही हे सगळ्यांना माहीत होतं. दोनदा दिवस राहून गेले होते, हे घरात माहीत होतं. तिसऱ्यांदाचं वहिनींना माहीत नव्हतं.

"आईंना उचलताना मला कळ आली. त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, मला उचलत राहिलीस तर हेही जाईल. आजच्या आज इथून जा. थोरलीला आत्ता बोलू नकोस, आधीची दोन गेली तेव्हा आधीच गाजावाजा झाला होता. पाचवा लागला की मीच सांगेन तिला."

"त्या कधी बोलल्या नाहीत."

"काय बोलणार? मी घरातून निघाल्यावर नवव्या दिवशी पोटातलं संपलं. मग त्यांनी काय सांगायचं, आणि मी तरी कशाच्या जोरावर परत यायचं? तुम्ही एकट्या करत होतात, रोज कानावर यायचं. वाटायचं, आता गेले तर ताई म्हणतील, मूल गेल्यावर आली."

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. म्हटलंच असतं मी, त्यांना वाटलं. अगदी तेच म्हटलं असतं. अकरा वर्षं त्या पाठीची उसण जपत बसल्या होत्या, आणि ही हे एवढं पोटात घेऊन रोज विचारत होती, बरं आहे ना.

टेबलावरचा फोन वाजला. अधीक्षकांच्या खोलीतून असणार, ठिपके अजून हिरवेच आहेत ना ते विचारायला. वहिनींनी तो वाजू दिला. त्यांनी मोडकी खुर्ची धाकटीच्या जवळ ओढली.

"मग?" त्या म्हणाल्या.